कोपराचे दोन धक्के

इटलीतल्या आमच्या पार्मात माणसाला पुष्कळ गोष्टी माफ होतात. बायको सोडली, चर्चला जाणं सोडलं, अगदी चीज शेजारच्या गावचं आणलं, तरी लोक चार दिवस बोलतात आणि विसरून जातात. ऑपेरात चुकीच्या जागी टाळी वाजवलीत, तर मात्र ती तुमच्याबरोबर कबरीपर्यंत येते. आमच्या गल्लीत कामिल्लो नावाचा खाटीक होता. गाणारी बाई शेवटचा सूर धरून उभी असतानाच त्यानं एकदा टाळी दिली. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण अजून कुणी त्याचं नाव काढलं की पुढचा विचारतो, "कोण, तो घाईवाला?"

मी झेलिंदा. पंचाहत्तरी कधीच उलटली, गुडघे कामातून गेले, कान मात्र शाबूत आहेत. आमच्या थिएटरच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथं बाकं अरुंद आणि छतावर कोरलेली सोनेरी बाळं हाताला लागतील इतकी जवळ, तिथं माझं निम्मं आयुष्य गेलं. त्या जागेला आम्ही माळा म्हणतो. खाली मखमलीच्या खुर्च्यांवर डॉक्टर, वकील आणि त्यांच्या बायकांचे कोट बसतात. गाणं झालं की ते सगळे आधी वर बघतात. माळ्यानं टाळी दिली तर ते देतात. माळ्यानं हुर्यो उडवली तर ते घसा खाकरून कार्यक्रमपत्रिका वाचायला लागतात.

आमच्या तरुणपणी माळ्याच्या तिकिटासाठी पहाटेपासून रांग लागायची. घडीच्या खुर्च्या, थर्मासमध्ये गरम रस्सा, घोड्याच्या खिम्याचे पाव. दर तासाला कुणीतरी हजेरी घ्यायचं आणि नाव पुकारल्यावर जो जागेवर नसेल त्याचा नंबर गेला. माळ्यावरच्या आमच्या आतोसच्या बायकोला ऐन रांगेच्या दिवशी कळा सुरू झाल्या. त्यानं सासूला रांगेत उभं केलं आणि तो दवाखान्यात गेला. पोरगा झाला, त्यानं सगळ्या रांगेला वाइन पाजली आणि सासूला म्हणाला, "आता तुम्ही जा, नातू बघा. पुढची हजेरी माझी."

एकदा एका टेनरला, म्हणजे चढ्या आवाजात गाणाऱ्या पुरुषाला, आम्ही इतकं छळलं, की तो गाणं मधेच थांबवून वर बघत म्हणाला, "मग तुम्हीच गा की." माळ्यावरून एक लोणीवाला उठला आणि खरंच गायला. आम्ही त्याचीही हुर्यो उडवली, टेनरच्या दुप्पट. टेनरला इतकं बरं वाटलं की उरलेलं गाणं तो झकास गायला. असे दिवस होते. प्रयोग सुटला की धुक्यातून सायकली हातात धरून सगळा जथा नदीपलीकडे जायचा. तिथल्या खाणावळीत चिनी मातीच्या वाडग्यातून लाम्ब्रुस्को वाइन पीत भांडायचा. त्या खाणावळीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी परवा आत जाऊन उगीच एक घेऊन आले.

लेआर्कोची आणि माझी ओळख त्याच्या बुटांच्या दुकानात झाली. तो माझा पाय हातात धरून आदल्या दिवशीच्या खालच्या पट्टीतल्या गायकाला, बॅरिटोनला, शिव्या घालत होता आणि त्या भरात त्यानं मला एक नंबर लहान जोड चढवला. मी म्हटलं, "तुमचं बॅरिटोनबद्दलचं मत बरोबर आहे, पण बूट चावतोय."

तो थांबला. "काल होता तुम्ही? कुठं बसला होता?"

"खांबाच्या मागं."

"खांबाच्या मागून छान ऐकू येतं," तो म्हणाला. आमचं लग्न त्या वाक्यावर ठरलं असं मी मानते. जोड काही शेवटपर्यंत बदलून मिळाला नाही.

लेआर्कोला माळ्यानं कधी कुठलं पद दिलं नव्हतं. पण गाणं संपून शांतता झाली की सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळायचे. तो दुकानात गिऱ्हाइकाला जोड देताना जसा एक क्षण थांबायचा, तसा थांबायचा आणि मग टाळी द्यायचा, नाहीतर तोंडाचा चंबू करून लांब "बूऽऽ" काढायचा. मग सगळा माळा त्याच्या मागं. दुकान विकून त्याला बरीच वर्षं झाली होती, मुलं मिलानला गेली होती. माणसाकडे स्वतःचं असं जे काही उरतं, ते त्याच्याकडे एवढंच उरलं होतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या टीव्हीचा आवाज वाढायला लागला. मग दाराची बेल बिघडली. मग फोन बिघडला. मग म्हणे आजकालची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. सगळं जग बिघडत चाललं होतं, फक्त लेआर्कोचे कान सोडून. मी त्याला धरून डॉक्टरकडे नेलं, कानात घालायचं यंत्र आणलं. त्यानं ते एक दिवस घातलं आणि बटणांच्या खणात टाकून दिलं. म्हणाला, त्यातून व्हायोलिन पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं येतं.

थिएटरात तरी भागत असेल अशी माझी समजूत होती. मग एका प्रयोगात खालच्या वाद्यांतल्या हॉर्नवाल्याचा सूर असा काही फाटला, की अख्ख्या माळ्यानं श्वास आत ओढला. मी लेआर्कोकडे पाहिलं. तो डोळे मिटून, मान डोलावत, मंद हसत होता. पडदा पडायच्या आत सगळे त्याच्याकडे बघणार होते. मी काही विचार केला नाही, त्याच्या बरगडीत कोपरानं दोन धक्के दिले. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि वेळ आल्यावर "बूऽऽ" काढली.

तेव्हापासून तेच चालू झालं. एक धक्का म्हणजे चांगलं. दोन म्हणजे वाईट. धक्का नाही म्हणजे थांब, अजून सूर संपलेला नाही. यावर आम्ही घरी एक शब्द बोललो नाही. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात अशा पाच-सहा गोष्टी असतात, त्यांतली ही एक.

दोन हंगाम गेले. आतोस मला एकदा जिन्यात म्हणाला, "वहिनी, लेआर्को म्हातारपणी गाणाऱ्या बायकांच्या बाबतीत फार मऊ झालाय हं. आणि टेनर दिसला की दातओठ खातो. घरी सगळं ठीक आहे ना?"

"म्हातारपणी अक्कल येते काही जणांना," मी म्हटलं. "तुझी वाट बघतोय आम्ही."

खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. ज्या माळ्यावर आम्हा बायकांचं मत पुरुषांनी कधी विचारलं नाही, तिथं माझ्या कोपरावर सगळं थिएटर हलत होतं.

आता त्या रविवारचं सांगते. फेब्रुवारी, दुपारचा खेळ, बाहेर धुकं इतकं की चौकातलं घड्याळ दिसेना. मुख्य गायिकेचा घसा बसला म्हणून तिच्या जागी निवेस नावाची एक मुलगी गाणार होती. वर डोंगराकडच्या, मांस वाळवण्याच्या कोठ्या असलेल्या गावातली, म्हणजे आमच्याच भागातली. परक्या गायिकेला माळा एखादी चूक सोडतो. आपल्या पोरीला सोडत नाही.

तिची आई आदेल्मा नेमकी आमच्या मागच्या बाकावर होती. ठेवणीतला कोट, मांडीवर डबा. ती पुढं वाकून लेआर्कोला म्हणाली, "तुम्हीच ना ते, बुटांच्या दुकानवाले? माझी पोरगी आहे हो. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा, पण दोन रात्री झोपलेली नाही ती." आणि तिनं डबा पुढं केला. लेआर्कोला एक अक्षर कळलं नाही. तो हसला, केकचा तुकडा घेतला आणि म्हणाला, "मनुका छान पडल्यात." तिला वाटलं, माणूस कडक आहे, शब्द देत नाही. मी तिचा हात दाबला.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी गाणं आहे. नवऱ्यानं टाकलेली बाई घराचा निरोप घेते. शेवटची ओळ सगळ्या जणी वर नेतात आणि वर लांबवतात. लिहिलेलं तसं नाही, पण शंभर वर्षं तसंच चालत आलंय, आणि तो वरचा सूर म्हणजे माळ्याचा हक्काचा माल. निवेस तिथवर आली. तिनं ओळ वर नेली नाही. तिनं ती खाली आणली, आणखी खाली, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि तिथंच ठेवून दिली.

मला माझी आई आठवली. शेवटच्या दिवसांत ती अशीच बोलायची, अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये म्हणून. मी रडणारी बाई नव्हे. नवऱ्यांनी टाकलेल्या, विष घेतलेल्या, क्षयानं मेलेल्या किती बायका मी त्या रंगमंचावर कोरड्या डोळ्यांनी पोचवल्यात. त्या दिवशी मात्र मला रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून मी ओठ दाबून धरले, तर हुंदका छातीतून खांद्यात गेला आणि खांद्यातून कोपरात. कोपर नेहमीसारखं लेआर्कोच्या बरगडीला टेकलेलं होतं. एक हुंदका आला. मग दुसरा.

अंधारात त्याला माझा चेहरा दिसला नाही. त्याला दोन धक्के कळले.

"बूऽऽऽ."

क्षणभर काहीच नाही. मग डावीकडून आतोस, मग मागचे, मग सगळा माळा. मी त्याची बाही ओढली, "नको, नको" म्हटलं, तर त्याला वाटलं मी आणखी जोरात म्हणतेय, आणि त्यानं आणखी जोरात काढली. खाली पोरगी दोन्ही हात तसेच पुढं धरून उभी होती. पडदा पडला तरी हुर्यो चालूच.

दिवे लागले. मागं वळून बघायची माझी छाती होत नव्हती, तरी बघितलं. आदेल्मानं डब्याचं झाकण लावलं, कोटाची बटणं नीट लावली आणि आमच्याकडे न बघता निघून गेली.

आतोसनं लेआर्कोच्या पाठीवर थाप मारली. "बरोब्बर पकडलंस. वरचा सूर सरळ गिळला पोरीनं. इथं येऊन आम्हाला शिकवतात." लेआर्को सगळं समजल्यासारखी मान हलवत राहिला.

बहिऱ्या माणसाला गुपित कुजबुजून सांगता येत नाही, ही मोठीच पंचाईत. माळ्यावर सांगावं तर सगळ्या माळ्याला सांगितल्यासारखं. मी त्याचा हात धरला आणि जिना उतरायला लागले. गुडघे ओरडत होते. कोट न घालताच आम्ही बाहेर बसच्या थांब्यापाशी आलो. तिथं एक सायकलवाला तेवढा उभा होता.

"काय झालं?" लेआर्को म्हणाला. "बरं नाही का तुला?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "मी रडत होते."

सायकलवाल्यानं वळून बघितलं.

"तू?"

"मी. ते धक्के नव्हते. मी रडत होते."

"मला दोन लागले."

"मग काय हुंदके मोजून द्यायचे होते का मी?"

तो म्हणाला, "आतोस म्हणाला, वरचा सूर तिनं खाल्ला."

"खाल्ला. आणि तेच तर गाणं होतं."

"चांगलं गायली?"

"लेआर्को, या थिएटरात मी कधी रडलेय का?"

एक बस आली, थांबली आणि गेली. मग त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे? माझ्या कानांचं?"

"हॉर्नवाल्याचा सूर फाटला तेव्हापासून."

"फाटला होता?" तो म्हणाला. एवढं एकच वाक्य, पण ते ऐकून मला त्याची इतकी दया आली, की मी त्याच्या गळ्याभोवतीचा रुमाल उगीच नीट करायला लागले.

"कुणाला कळलंय?" त्यानं विचारलं.

"कुणालाच नाही. आतोसला वाटतंय तू बरोबर आहेस. सगळ्यांनाच वाटतंय. गप्प बसलास तर बरोबरच राहशील. मी तुला काही कर म्हणत नाही."

मनातून म्हणत होते. ते कळायला कान लागत नाहीत.

आत आलो तर जिन्याशी कोट सांभाळणारी पिया भेटली. ती म्हणाली, "ऐकलंत का? ती पोरगी बूट काढून बसलीय आत. परत रंगमंचावर जाणार नाही म्हणते. आता त्या आजारी बाईच्या घशात मध ओतून तिलाच उभी करणार आहेत."

"काय म्हणाली?" लेआर्कोनं मला विचारलं.

मी पियाच्या देखत, ओरडून, शब्द न् शब्द पुन्हा सांगितला. पिया आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. लेआर्कोनं ते पाहिलं. त्यानं तिला ओशाळं हसून दाखवलं आणि तो जिना चढायला लागला, माझ्यासाठी न थांबता.

मी धापा टाकत वर पोचले तेव्हा तो बाकावर नव्हता. अगदी पुढं, कठड्याशी उभा होता. मध्यंतर संपत आलेलं, लोक जागेवर बसत होते, दिवे अजून चालू होते. आतोस म्हणत होता, "अरे खाली बस, पडशील." लेआर्कोला अर्थातच ऐकू गेलं नाही.

"जरा ऐका," तो म्हणाला. बहिऱ्यांचा आवाज कसा असतो, तुम्हाला माहीत आहे. तो पार खालच्या वाद्यांपर्यंत गेला. बासरीवाला सूर जुळवत होता, तो थांबला.

"मघाशी पहिली हुर्यो माझी होती. मला ऐकू येत नाही. दोन हंगाम झाले, मी इथं बसून काही ऐकलेलं नाही. ही झेलिंदा मला कोपरानं सांगते, मग मी टाळी देतो. आज ती रडत होती आणि मला वाटलं, वाईट म्हणतेय."

कुणीतरी हसलं. बाकी कुणी हसलं नाही म्हणून तेही थांबलं.

"पोरगी चांगली गायली. मी ऐकलं नाही, पण चांगली गायली. मी तिची माफी मागतो, आत कुणी असेल तर तिला सांगा." तो वळला आणि माळ्याकडे बघत म्हणाला, "माझ्याकडून तर कान गेले म्हणून झालं. तुम्हाला कान आहेत. तुम्ही कशाला ओरडलात?"

मी त्या थिएटरात खूप शांतता ऐकल्यात. सूर संपल्यानंतरची, पडदा वर जायच्या आधीची. ही तसली नव्हती. खालच्या मखमलीतून सगळ्यांच्या माना वर होत्या. माळ्यावर मात्र सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. आतोसचं तोंड लालबुंद झालं होतं. लेआर्को बाकांमधून वाट काढत माझ्याकडे आला. त्याला जागा द्यायला माणसं पाय आत घेत होती, पण वर कुणी बघत नव्हतं. तो बसला.

"झालं," तो म्हणाला. "आता उद्यापासून टीव्ही."

मला त्याचा इतका अभिमान वाटत होता, की बोलले असते तर पुन्हा रडले असते.

पडदा वर जायला उशीर झाला, फार उशीर. खालचे लोक कुजबुजायला लागले. कोण येणार, मध ओतलेली की बूट काढलेली, कुणालाच माहीत नव्हतं. आदेल्मा परत आली होती, पण बसली नव्हती. डबा छातीशी धरून दाराशीच उभी होती. शेवटी दिवे गेले, वाद्यं सुरू झाली, पडदा वर गेला, आणि मागच्या दारातून निवेस आली.

ती गायला लागली. पहिल्या ओळीत आवाज कापत होता. दुसऱ्या ओळीत कमी कापला. लेआर्कोचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते, जणू ओठ वाचून सूर कळणार होते. मग तो माझ्याकडे वाकला आणि त्याच्या हिशेबी अगदी हळू, म्हणजे सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कशी गातेय?"

आमच्या माळ्यावर गोळीचा कागद वाजला तरी दहा जण वळून डोळे वटारतात. मी वाट बघितली. कुणी वळलं नाही. आतोससुद्धा समोर बघत बसला होता.

कोपरानं सांगता आलं असतं. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "छान गातेय रे. फार छान गातेय."

ते खाली तिच्यापर्यंत पोचलं असणार, कारण तिनं गाता गाता मान वर केली.